पहिली ओळ हळू तोडायची

माझा नातू कोरी डॉमिनोत हरायला लागला, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

बाहेरच्याला यात काही वाटायचं नाही. चोवीस वर्षांचा पोरगा, हेल्मेट घालून खेळायचा फुटबॉल व्यावसायिक म्हणून खेळतो, भरलेलं मैदान त्याच्या पाठीवरचा आकडा ओळखतं. तो चार म्हाताऱ्यांबरोबर बसून डॉमिनोत हरला तर बिघडलं काय? पण आमच्या तळ्याकाठच्या गावात कोरी हरत नसे. ओडेल थिगपेनच्या केस कापायच्या दुकानामागे पत्र्याची शेड आहे, तिथे आमचा डाव रोज दुपारी बसतो. सोंगट्यांना आम्ही हाडं म्हणतो. टोकाला जेवढे ठिपके असतील तेवढ्याच ठिपक्यांचं हाड जोडायचं. नसेल तर टेबलावर बोटानं टकटक करून पाळी सोडायची. ज्याचा हात आधी रिकामा होईल तो जिंकला. खेळ पोरासोरांचा, पण कुणी कशावर टकटक केली हे जो ध्यानात ठेवतो त्यालाच तो येतो. कोरीला ते शाळेत असल्यापासून यायचं. मी पन्नाशी उलटल्यावर अक्षरं शिकलो ती त्याच्याच शेजारी, आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मी एका ओळीवर बोट ठेवून अडखळत असायचो, तेवढ्यात हा पान वाचून, पाठ करून खिडकीबाहेर बघत बसलेला असायचा.

उसाचा हंगाम संपला, कारखान्याचं धुराडं थंड झालं आणि कोरी घरी आला. व्यावसायिक म्हणून त्याचा तिसरा मोसम नुकताच संपला होता. आला त्या आठवड्यात तो हरला. मी म्हटलं, पोरगा मोठा झाला, म्हाताऱ्यांचं मन राखतोय. दुसऱ्या आठवड्यातही हरला.

“काय रे सुपरस्टार, उत्तरेच्या थंडीत डोकं गोठलं का?” ओडेलनं विचारलं.

“तुमच्या पावडरच्या वासानं गरगरतंय, ओडेलकाका.”

“पोराला बोलू नकोस,” बातिस म्हणाला. बातिस हैतीचा, माझ्याबरोबर ऊस तोडलेला. “हरणाऱ्यानं सगळ्यांना उकडलेल्या शेंगा खिलवायच्या असा नियम आहे ना? श्रीमंत झालाय, दानधर्म करतोय. तू गप खा.”

सगळे हसले, मीही हसलो. मग एके दिवशी कोरीनं चारावर टकटक केली आणि डाव संपल्यावर त्याची हाडं उलटली तर त्यांत चाराचं हाड होतं. हातात असून नाही म्हणणं ही आमच्याकडे लबाडी धरतात. त्यावरून टेबलं उलथलेली मी पाहिली आहेत. ओडेल हसायला लागला आणि मध्येच थांबला.

“लक्ष नव्हतं,” कोरी म्हणाला आणि दोन्ही हातांनी हाडं ढवळून टाकली. जरा घाईनंच ढवळली.

त्यानंतर तो माणूस आला.

बारीक अंगाचा, इस्त्रीचा शर्ट, राखाडी गाडी. कालव्यापलीकडच्या मोटेलात उतरला होता. रोज सकाळी कोरी त्याच्याबरोबर तळ्याच्या बांधावर जायचा. मला वाटलं पळायला जातात. पण एकदा बातिस मासे घेऊन तिकडून आला आणि म्हणाला, “पळतायत कसले? गाडीत बसलेले असतात. काचा वर करून.”

मी माझ्या लेकीला विचारलं. व्हर्नेल, कोरीची आई, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. घरी आल्यावर तिला कुणी काही विचारलेलं खपत नाही.

“ट्रेनर आहे तो, बाबा.”

“ट्रेनरच्या बुटाला चिखल कसा नाही?”

“तुम्ही आता लोकांचे बूट बघत बसा. कोरीच्या कराराचं शेवटचं वर्ष आहे, माहीत आहे ना? त्याला डिवचू नका.”

माहीत होतं. आमच्या गावात दर दोन घरांआड कुणी ना कुणी या खेळात गेलेला आहे, त्यामुळे शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. पहिला करार चार वर्षांचा, तोही नावालाच. एखाद्या सकाळी बोलावून घेतात आणि सामान आवरायला सांगतात. खरा करार दुसरा. तो मिळाला की घर, आई, पुढची पोरंबाळं सगळी मार्गी लागतात. कोरी बचावाच्या कडेला खेळायचा. चेंडू झेलायला सुसाट येणाऱ्याच्या पुढे उलट्या पायांनी पळायचं आणि त्याला झेलू द्यायचा नाही, नाहीतर झेलल्या क्षणी आडवा करायचा. हेल्मेटवर हेल्मेट आपटतं तो आवाज टीव्हीतूनही पोटात जातो. आणखी एक मोसम त्याला काढायचा होता. त्या वसंतात सगळं गाव त्याच्याभोवती दबकत चालत होतं, तापल्या तव्याशेजारून चालावं तसं.

आणि मी मात्र हिशोब जुळवत होतो. पोरगा हरायला शिकतोय. शिकवणारा परका आहे. शिकवणी गाडीत, बंद काचांमागे चालते. त्याच हिवाळ्यात पैजा लावल्या म्हणून काही खेळाडूंवर बंदी आल्याचं बातम्यांत सांगत होते.

मी ओडेलला म्हटलं, “तुला त्याचं काही वेगळं वाटतं?”

ओडेलनं वस्तरा पुसला. “हरायचे पैसे घेतो म्हणतोस?”

“मी काही म्हणत नाही.”

“होझी, तू काही म्हणत नाहीस तेव्हाच जास्त म्हणतोस.”

तेवढ्यानं झालं. दुसऱ्या दिवसापासून बातिस हाडांऐवजी कोरीच्या हातांकडे बघायला लागला. ओडेलचे टोमणे बंद झाले, आणि टोमणे बंद झालेला ओडेल म्हणजे पाठ फिरवलेला ओडेल. कोरीला ते कळत होतं. तो शेंगा आणायचा, सगळ्यांपुढे ठेवायचा आणि एकही न खाता उठून जायचा.

शेवटी मी गळ आणि बादली घेऊन बांधावर गेलो. पाण्याच्या दरवाजाशी सिमेंटचा एक कठडा आहे, त्याच्या आडोशाला बसलो. ऊन चढलं तशा राखाडी गाडीच्या काचा खाली आल्या.

तो बारीक माणूस एकेक शब्द म्हणत होता. मेणबत्ती. कागद. साखर. घोडा. असेच आणखी. मग त्यानं कोरीला आकडे उलटे म्हणायला लावले, कसल्या कसल्या आकृत्या दाखवल्या. मग म्हणाला, “आता मघाचे शब्द सांग.”

कोरीनं दोन सांगितले. मग बराच वेळ काहीच नाही.

“नाही नाही,” तो माणूस म्हणाला. “एवढं कमी नको. एवढं कमी आलं की ते तुला बाजूला काढणारच. निदान आणखी दोन सांग. गेल्या वर्षीच्या आकड्याजवळ राहायचंय आपल्याला.”

माझं रक्त तापलं. मी गळ, बादली तशीच घेऊन वर गेलो आणि गाडीच्या खिडकीशी उभा राहिलो.

“साहेब, हा माझा नातू. त्याला जे शिकवताय ते मलाही शिकवा. आम्ही उशिरा शिकणारी माणसं आहोत.”

त्या माणसानं कोरीकडे बघितलं. कोरी खाली उतरला आणि मला कोपराला धरून दूर घेऊन गेला.

“आबा, तुम्ही माझ्यावर पाळत ठेवताय?”

“मासे धरतोय.”

“गळाला आमिष नाही.”

मी गळाकडे बघितलं. खरंच नव्हतं. तो हसला, मग मलाही हसू आलं आणि राग तिथेच निम्मा झाला.

“पैजेचं आहे का काही?” मी विचारलं. “खरं सांग. मी तुझ्या आईला सांभाळून घेईन.”

“पैज? देवा!” त्यानं कपाळावर हात मारला. “म्हणून ओडेलकाका माझ्याशी बोलत नाहीत होय?”

मग त्यानं सांगितलं. मोसमाआधी प्रत्येक खेळाडूला पडद्यासमोर बसवतात. शब्द लक्षात ठेव, आकडे उलटे म्हण, आकृती ओळख. धडधाकट डोक्याचा तो आकडा लिहून ठेवतात. मग मोसमात डोक्याला मार बसला की पुन्हा तीच परीक्षा. आकडा फार घसरला तर खेळू देत नाहीत. आणि एकदा बाहेर बसलास की तुझी जागा दुसरा घेतो.

“म्हणून पोरं पहिल्यांदाच थोडं कमी देतात,” कोरी म्हणाला. “मुद्दाम. म्हणजे मार बसल्यावरही फरक दिसत नाही. शाळेत प्रशिक्षकच सांगायचे, फार हुशारी दाखवू नका म्हणून. सगळे करतात, आबा.”

मी तिथेच गवतावर बसलो आणि हसत सुटलो. “म्हणजे पहिली ओळ हळू तोडायची!”

हाताने ऊस तोडला आहे अशा आमच्यातल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. नव्या फडावर पहिल्या सकाळी मुकादम एका तोडकऱ्याला एक ओळ तोडायला लावायचा आणि लांबून बघत राहायचा. त्यानं जेवढ्या वेळात तोडली तेवढं सगळ्या टोळीचं माप. त्यामुळे तो तोडकरी कितीही तरबेज असो, पहिली ओळ हळू तोडायचा. कोयता जड धरायचा, पाचट काढताना वाकून वाकून दमल्यासारखं करायचा. जो जोरात तोडेल त्याच्याबरोबर कुणी जेवायला बसत नसे. आम्ही याला पाप म्हणत नव्हतो. आम्ही त्याला अक्कल म्हणायचो.

“मग हा माणूस कशाला?” मी विचारलं.

“हळू तोडायचीसुद्धा कला असते ना? फारच हळू तोडली तर मुकादमाला कळतं.”

उत्तर हजर होतं. मी मान डोलावली आणि हलका होऊन घरी आलो. दुपारी शेडखाली मीच सगळ्यांना सांगितलं. ओडेलनं कोरीच्या पाठीत धपाटा घातला. “हरामखोरा, माझ्यावर सराव करत होतास? मला वाटलं मी सुधारलोय!” बातिसनं त्या दिवशी शेंगा स्वतःच्या पैशानं आणल्या.

हे समाधान मला दोन-तीन दिवस पुरलं.

मग एका सकाळी मी चहा ढवळत होतो आणि हात थांबला. फडात आम्ही पहिली ओळ हळू तोडायचो, कारण मुकादम बघत असायचा. घरी येऊन चुलीसाठी लाकडं फोडताना कुणी हळू कुऱ्हाड चालवत नसे. ओडेलच्या शेडखाली कुठला डॉक्टर बसला होता? तिथे कुणासाठी हरायचं? सराव म्हणावा तर चाराचं हाड हातात असून टकटक करणं हा कसला सराव? आणि नंतर त्यानं ते ज्या घाईनं ढवळलं ती घाई तर सरावाची नव्हती.

मी त्याला म्हटलं, “रविवारी चर्चनंतर ओडेलकडे मासे तळायचेत. सगळे येतील. त्या दिवशी सोंग नको. ओडेलला लोकांसमोर धू. माझ्यासाठी.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. “खराखुरा डाव?”

“खराखुरा.”

“रडवतो बघा त्याला.”

रविवारी मी डावात बसलो नाही. कोरी, ओडेल, बातिस आणि चर्चचा एक डीकन, म्हणजे तिथला सेवेकरी, असे चौघे बसले. मी खुर्ची घेऊन मागे बसलो, अशा जागी की ओडेलचा आणि बातिसचा हात मला दिसत होता. बायका कढईपाशी होत्या. मक्याच्या पावाचा आणि तळलेल्या माशाचा वास सगळ्या गल्लीत गेला होता.

“या, या,” ओडेल म्हणाला. “आज मुकादम सुट्टीवर आहे. पूर्ण ताकदीनं तोड, पोरा.”

“रुमाल आणलाय ना, काका? डोळे पुसायला लागेल.”

डाव सुरू झाला. कोरी पुढे वाकून बसला. खरंच जिंकायला बसला होता. मैदानात उतरण्याआधी त्याच्या जबड्याचा एक स्नायू ताठ होतो, तो ताठ झाला होता. पण त्याचे ओठ हलत होते. शाळेतल्या वयात त्याला कधी ओठ हलवावे लागले नव्हते. ओठ मी हलवायचो. हाड लावायच्या आधी तो मागे जायचा, पुन्हा पुढे यायचा. एकदा सगळे गप्प बसले आणि त्यानं वर बघून विचारलं, “कुणाची पाळी?” पाळी त्याचीच होती.

मग त्यानं विचारलं, “पाचावर टकटक कुणी केली होती?”

असं कुणी विचारत नाही. ते विचारणं म्हणजे समोरच्याच्या खिशात हात घालणं. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर ओडेलनं त्याचे सात पूर्वज काढले असते. ओडेलनं शेंगांचं भांडं उगाच जरा सरकवलं. बातिस आपल्या हाडांकडे बघत बसला.

शेवटी अशी वेळ आली की टोकाला पाच होता आणि ओडेलच्या हातात एकच हाड होतं, पाचाचं. मला ते स्वच्छ दिसत होतं. ते लावलं की तो जिंकला. या पोराला सगळ्या चर्चसमोर हरवायची वाट तो कित्येक वर्षं बघत होता. त्यानं हाड उचललं. कोरीचे ओठ हलत होते. ओडेलनं त्या ओठांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग हाड परत पालथं ठेवलं आणि बोटानं टकटक केली.

“नाही माझ्याकडे.”

डीकननंही टकटक केली, त्याच्याकडे खरंच नसावं. बातिसकडे पाचाची दोन हाडं होती. त्यानंही टकटक केली.

कोरीनं आपलं शेवटचं हाड टेबलावर असं आपटलं की शेंगांचं भांडं उडालं. उठून त्यानं दोन्ही हात वर केले. बायकांनी टाळ्या वाजवल्या, व्हर्नेल कढईपाशी उभी राहून ओरडली, “मुलगा कुणाचा आहे!” ओडेलनं सगळी हाडं झटपट ढवळून टाकली.

“रडवलंस रे मला,” तो म्हणाला आणि रुमाल डोळ्यांना लावला. लोकांना वाटलं विनोद करतोय.

लोक पांगल्यावर कोरी नळावर कढई घासत होता. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

“बघितलंत ना?” तो म्हणाला.

“ओडेलच्या हातात पाच होता.”

त्याचा हात थांबला. नळ चालूच राहिला.

“बातिसच्या हातात दोन होते,” मी म्हटलं. “आता बोल. तो माणूस कशाला आणलाय?”

त्यानं नळ बंद केला. मग म्हणाला, “गेल्या वर्षी मी मुद्दाम कमी सांगितलं होतं, आबा. आता तेवढंही होत नाही.”

बांधावर ऐकलेलं सगळं माझ्या डोक्यात उलटं फिरलं. एवढं कमी नको. आणखी दोन सांग. तो माणूस त्याला खाली उतरायला शिकवत नव्हता. त्याच्याच जुन्या सोंगापर्यंत त्याला वर ओढत होता.

डिसेंबरात एकदा डोक्याला मार बसला होता, तो सगळ्यांनी पाहिला होता. शेवटच्या सामन्यातला दुसरा कुणाच्या लक्षात आला नव्हता. लागल्या लागल्या तो उठून उभा राहिला होता. उठला नाही तरच लोक बघतात. पण पुढे त्याच सामन्यात गुडघ्याला लागलं, तो तपासताना कुणालातरी डोक्याची शंका आली, म्हणून संघानं सराव शिबिराआधी मायामीच्या डॉक्टरची परवानगी आणायला सांगितलं होतं. गुरुवारी जायचं होतं.

“आईला सांगू नका. एकच वर्ष, आबा. एक वर्ष काढलं की मी स्वतःहून थांबतो.”

“मला बरोबर ने.”

“कशाला?”

“सोबत म्हणून. लांबचा रस्ता आहे.”

बांधावर मी जसं त्याच्याकडे बघितलं होतं, तसं तो माझ्याकडे बघत होता. पण नाही म्हणाला नाही.

डॉक्टरीण तरुण होती, बोलायला मऊ. कोरीला तिनं आत नेलं आणि मी बाहेर थंडगार खोलीत टोपी मांडीवर घेऊन बसलो. मग तिनं दोघांना समोर बसवलं.

“फरक आहे, पण अगदी थोडा,” ती म्हणाली. “तुझ्या गेल्या वर्षीच्या आकड्याच्या आसपासच आहेस. या हद्दीत मी अडवत नाही. शिबिराला जायला हरकत नाही.”

कोरीचे खांदे खाली आले. त्या बारीक माणसानं आपली मजुरी वसूल करून दिली होती. मी वाट बघितली. मला वाटलं, आता बोलेल. तो उठला, मला उठवायला त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खांदा दाबला. जोरात दाबला. त्या हातानं मैदानावर भली भली माणसं अडवली आहेत.

मी उठलो नाही.

“बाई, गेल्या वर्षीचा आकडा खोटा आहे.”

“म्हणजे?”

“त्यानं तेव्हा मुद्दाम कमी दिला होता. ज्या मापानं तुम्ही मोजताय ते मापच लहान आहे.”

तिनं कोरीकडे बघितलं. कोरी हसला. छान हसतो तो, त्याच्या जाहिरातीत तेच हसू आहे.

“माझे आजोबा, डॉक्टर. वय झालंय त्यांचं. हल्ली असं होतं अधूनमधून, काहीतरी डोक्यात घेतात.”

आणि ती माझ्याकडे बघून तसंच हसली, जसं म्हाताऱ्यांकडे बघून हसतात.

मला राग यायला हवा होता. आला नाही. मला वाटलं, किती चपळ आहे हा अजून, किती पटकन वळला.

“बरं,” मी म्हटलं. “माझं डोकं फिरलंय की नाही तेही बघून टाका. आम्हा दोघांना एकदम शब्द द्या. त्यानं पाठ केलेले नकोत, तुमच्या मनातले द्या.”

“आबा, चला.”

“एवढंच, पोरा. मग चलतो.”

बहुतेक तिला माझी दया आली असावी. तिनं खिडकीबाहेर बघत पाच शब्द सांगितले. मग मला गाव विचारलं, ऊस किती वर्षं तोडला ते विचारलं, बोटं कशी वाकली ते विचारलं. मी सांगत राहिलो आणि आत कुठेतरी शब्द घट्ट धरून राहिलो. आयुष्यात अक्षरं येण्याआधी माणूस असंच सगळं धरून ठेवतो.

“बरं, आता सांगा.”

मी चार सांगितले. पाचवा गेला तो गेलाच.

“तू?” तिनं कोरीला विचारलं.

तो जमिनीकडे बघत होता. त्याचे ओठ हलले. “साखर,” तो म्हणाला.

साखर तिनं सांगितलेल्या शब्दांत नव्हती. ती बांधावरच्या त्या माणसाच्या शब्दांतली होती.

डॉक्टरिणीनं पेन खाली ठेवलं. तिनं आपली खुर्ची त्याच्याजवळ ओढली, आणि माझ्याकडे बघून हसणं तिनं बंद केलं होतं.

पुढे बऱ्याच तपासण्या झाल्या, डोक्याचे फोटो काढले, दुसरे डॉक्टर झाले. शिबिर त्याच्याशिवाय सुरू झालं. महिनाभरानं संघानं त्याला सोडल्याची बातमी आली. पाय मंदावलेत, असं कारण दिलं. त्याचे पाय मंदावलेले नाहीत, हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत आहे. खरं कारण त्यांनी का लपवलं, मला ठाऊक नाही. त्या डॉक्टरिणीनं त्यांना किती सांगितलं, तेही नाही.

गावात निम्मे लोक माझ्याशी बोलतात. ओडेल बोलतो, पण कोरी आला की विषय बदलतो. व्हर्नेल माझं ताट वाढते, पण माझ्या कपात कॉफी ओतत नाही, मला स्वतः उठावं लागतं. “आणखी एक वर्ष,” ती एकदा पाठमोरी म्हणाली, “एक वर्ष गप्प बसता आलं नाही तुम्हाला.” मी उठून माझी कॉफी ओतून घेतली. तिनं तो डाव कढईपाशी उभं राहून पाहिला होता, माझ्या खुर्चीतून पाहिला नव्हता.

कोरी आता शाळेच्या मैदानावर पोरांना उलट्या पायांनी पळायला शिकवतो. चांगला शिकवतो म्हणतात. मी जवळ गेलो की तो फोन खिशात ठेवतो. मी खोलीत आलो की बोलणं थांबवतो. एकदा मी त्याच्या ट्रकमध्ये माझी टोपी शोधत होतो तर येऊन म्हणाला, “आता काय तपासताय?”

परवा संध्याकाळी आम्ही दोघे पायऱ्यांवर बसलो होतो. तो आपणहून येऊन बसला, असं हल्ली क्वचितच होतं.

“आबा, समजा त्या दिवशी ते शब्द मला येत होते.”

“बरं.”

“समजा मीच थकलो होतो. परत त्या मैदानात जायचं नव्हतं, पण आईला, गावाला कसं सांगणार? म्हणून मुद्दाम चुकलो. तुम्ही होतातच की, सगळं तुमच्यावर गेलं. समजा.”

मी त्याच्याकडे वळलो. “तसं होतं का? मुद्दाम विसरलास?”

तो खरंच विचार करत होता, का तसं दाखवत होता, मला सांगता येणार नाही. कपाळावर आठी आली, गेली.

“आठवत नाही,” तो म्हणाला आणि खदाखदा हसायला लागला.

मीही हसलो. हसता हसता मी डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे बघत होतो, आणि तो माझ्याकडे.